डावीकडे पडणारी चकती

नंदुरबार,
९ ऑक्टोबर २०२४

निशाबाई,

या पत्राबरोबर खात्या जीपवाल्याकडे फडक्यात बांधलेली एक चकती दिली आहे. ती चुलीपासून लांब ठेवायची, हे तुझ्या आईला, कमलीमावशींना, वाचून दाखव. मागच्या चकतीची त्यांनी निखाऱ्याशेजारी ठेवून वाटी केली होती, ते मी विसरलेले नाही.

आता बातमी. उमाकांत सर भेटले होते. डिस्क गोल्फच्या राज्य संघाची निवड यंदा आपल्या नंदुरबारला आहे, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. मुलींच्या जोड्या खेळणार आणि पहिल्या दोन जोड्या संघात. कॉलेजच्या मैदानावर आपण साखळ्यांच्या बास्केटमध्ये चकत्या फेकायला लागलो की पोरं विचारायची, जेवण झालं वाटतं, ताटं विसळताय का? आता बघू म्हणावं कोण काय विसळतं ते.

यापुढचं बसून वाच. पुरुषोत्तमनगरच्या बाजूला मुलींची ती निवासी शाळा आहे ना, तिथले मोतीलालशेठ सरांना म्हणाले की राज्य संघातली जोडी मिळाली तर दोघींनाही जूनपासून क्रीडाशिक्षक म्हणून घेतो. दोघींनाही, निशा! जोडीला खेळ शिकवायचा म्हणजे शिकवणारीही जोडीच हवी, असं त्यांच्या डोक्यात बसलंय आणि आपण ते काढायचं नाही. तू बी.पी.एड. होऊन दोन वर्षं शेतात पाखरं हाकते आहेस. ही नोकरी लागली तर पुन्हा कोणी तुला उसात चल म्हणणार नाही.

म्हणून ही चकती. हा ओव्हरस्टेबल पटर आहे, बास्केटजवळून मारायचाच, पण वेगळा. आपला नेहमीचा पटर सरळ जातो आणि वेग संपला की अलगद बसतो. हा मात्र वेग संपला की डावीकडे वळतो आणि धप्पकन पडतो, दरवेळी. समोरून वारा आला की साधा पटर नाक वर करतो, उजवीकडे कलतो आणि भरकटतो. याला वाऱ्याशी काही देणंघेणं नाही. मैदान मिरची वाळवायच्या पथाऱ्यांपलीकडचं आहे, औषधाला झाड नाही, आणि दुपारचा वारा तुला माहीतच आहे. जोडीच्या खेळात लांबची फेक माझी आणि बास्केटजवळची तुझी, हे आपलं ठरलेलं. म्हणजे हा पटर तुझाच. रोज फेक.

तुझ्याहून लांब फेकणारी,
अलमास

---

मोलगीच्या वरचा पाडा,
२३ ऑक्टोबर २०२४

अलमास,

पत्र आईला वाचून दाखवलं. चकती तिने उलटीसुलटी करून पाहिली, वास घेतला आणि कणगीवर ठेवली. कणगीला हात लावायची कोणाची टाप नाही, तेव्हा काळजी नको.

नोकरीचा भाग तिने परत परत वाचायला लावला. शेवटी तिचा एकच प्रश्न होता, "दोघींनाच का? एकीलाच घेतलं तर?" मी म्हटलं, एकीला नाहीच घेणार. मग ती हसली. माझी आई उगाच हसत नाही.

आता तुझ्या पटरबद्दल. मला तो अजिबात आवडलेला नाही. आमच्या घरासमोर सागाचं झाड आहे, त्याला मी टोपली बांधली आहे. मी फेकते टोपलीकडे आणि हा जातो डावीकडच्या घळीत. घळीत उतरायचं, काटे ओरबाडून घ्यायचे, वर यायचं, पुन्हा फेकायचं, पुन्हा घळ. माझा एक काका असाच आहे. बाजाराला निघू दे, लग्नाला निघू दे, संध्याकाळी डावीकडच्या भट्टीवरच सापडतो.

थट्टा सोड, पण खरंच सांगते, असल्या पटरला अर्थ नाही. साध्या पटरने मी साखळीकडे बघते आणि साखळीवर मारते. याच्याने मारायचं तर साखळी सोडून भलतीकडे बघायला लागतं. जिथे मारायचं तिथे बघायचं नाही ही कुठली विद्या? ज्याचा आपल्या हातावर भरवसा नाही त्याने असली चकती घ्यावी. माझा माझ्या हातावर आहे. वाऱ्याचं म्हणशील तर दोन श्वास थांबायचं, वाराही कधी ना कधी दम घेतोच.

फोन कर म्हणशील. टॉवर अजून डोंगराच्या पलीकडेच आहे. आणि फोनवर तू बोलतेस, मी हं हं करते. कागदावर बरं पडतं. मराठी ना तुझ्या घरची, ना माझ्या. भांडण बरोबरीचं होतं.

दिवाळीनंतर पाडा रिकामा होईल, सगळे गुजरातला उसावर. जामसिंगदादा आणि वहिनी जातील. वहिनीला दिवस गेलेत, पण दादा म्हणतो अजून पोट दिसत नाही. मी जाणार नाही. आईने मुकादमाला तोंडावर सांगितलंय.

तुझी,
निशा

---

नंदुरबार,
१८ नोव्हेंबर २०२४

ए हट्टी,

तुमच्याकडे बाण मारताना वारा असला तर थोडं बाजूला धरत नाहीत का? तूच मला शिकवलं होतंस, कॉलेजच्या गॅदरिंगच्या वेळी. तेव्हा ती विद्या होती आणि मी सांगितलं की भलतीकडे बघणं!

वाऱ्यात थांबायचं म्हणतेस, पण तिथे पंच घड्याळ घेऊन उभा असतो. वारा दम घेईपर्यंत आपली पाळी जाईल. आणि हातावर भरवसा असणाऱ्यांनीच हा पटर घ्यायचा असतो, कारण हा कोणाची दया करत नाही. साधा पटर जोर कमी पडला तरी तरंगत तरंगत पोचतो. हा नाही पोचत. मनगट पूर्ण लावावं लागतं. उमाकांत सर म्हणतात, सगळ्या फेकींसाठी हा घेऊ नये, पण समोरच्या वाऱ्यासाठी पिशवीत एक असावाच. माझं इतकंच म्हणणं आहे, असावाच. लग्न कर त्याच्याशी असं कोण म्हणालं?

माझ्या सरावाचे हाल आहेत. ऑक्टोबरात पथाऱ्या मोकळ्या होत्या, तेव्हा तिथेच फेकायचे. आता नवी मिरची आली, मैदानभर लाल. बेबीबाई तिथे मिरची पसरवते. परवा माझी चकती तिच्या ढिगात घुसली. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हाई थाळी आखो मन्ही मिरचीमा पडनी ना, तं मी घर लई जासू आन हानामाच भाकर खासू!" मला हसू आलं आणि हसताना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी. तिने पाणी दिलं आणि वर विचारलं, हाई खेळनी नोकरी लागस का खरंच? मी म्हटलं, लागस ना मावशी. दोनजणीस्ले लागस.

अब्बांनी दुसरी बास्केट केली. जुन्या कूलरचा सांगाडा आणि सायकलच्या साखळ्या. ठोकताना म्हणत होते, "कूलर बनाया, पिंजरा बनाया, अब ये क्या बनवा रही मुझसे?" पण साखळ्यांचा आवाज झकास येतो. पहिली फेक लागली तेव्हा दुकान सोडून बाहेर आले.

दादा-वहिनी गेले असतील, तू मोकळी असशील. मग पत्र का नाही? खात्या म्हणतो, पाड्यावर फक्त म्हातारी माणसं दिसली. तू कुठे होतीस, घळीत?

अलमास

---

पडाव, बारडोलीच्या बाजूला,
७ डिसेंबर २०२४

अलमास,

तुझं पत्र आईने मगन ट्रकवाल्याकडे दिलं. तो मिरची घेऊन सुरतेला जातो, आमचा पडाव त्याच्या रस्त्यावर आहे. यापुढे त्याच्याकडेच देत जा.

मी उसावर आले आहे. ओरडू नकोस, पुढे वाच.

वहिनीला इथे आल्यावर चौथ्या दिवशी अंगावरून जायला लागलं. डॉक्टरने सांगितलं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, बाळ हवं असेल तर खाटेवर राहा. आता उसात एक माणूस म्हणजे काहीच नाही. जोडीला कोयता म्हणतात. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधून गाडीपर्यंत वाहायच्या. एकटा राहिला तर तो अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता टोळीत कोणी ठेवत नाही. मुकादमाने दादाला सांगितलं, उद्यापर्यंत जोडी आण नाहीतर सामान बांध. त्याच रात्री दादाचा निरोप पाड्यावर आला. आई माझ्या पिशवीत भाकरी भरायला लागली.

थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. दादा पाड्यावरच्या एका चुलतभावाला बोलावतो आहे. तो आला की मी सुटले. फेब्रुवारी लांब आहे.

आणि ऐक, सराव बंद नाही. दुपारी गाडीची वाट बघत बसायला लागतं, तेव्हा तोडलेल्या रानात मी फेकते. मोळ्या एकावर एक उभ्या करते आणि त्यांच्यावर मारते. तुझा पटर बरोबर आणलाय, साधाही आणलाय. तोडलेलं रान म्हणजे उघडं बोडकं, समोरून वारा असा येतो की डोक्यावरचं फडकं उडतं. पहिल्या दिवशी साधा पटर फेकला तर तो वर उठला आणि उजवीकडे उभ्या उसात गेला. उभ्या उसात गेलेली चकती शोधणं काय असतं ते तुला कळणार नाही, पानं गाल कापतात. मग रागारागाने तुझा फेकला. तो गेला, वळला आणि मोळीच्या बुडाशी पडला.

एकदाच पडला. हुरळून जाऊ नकोस.

निशा

---

नंदुरबार,
१६ डिसेंबर २०२४

निशा,

तू पंधरा वर्षांची असताना उसातून परत आलीस आणि नववीचं वर्ष गेलं, हे मला तूच सांगितलंस. तेव्हाही थोड्याच दिवसांचा प्रश्न होता.

मला खरं सांग, तुला यायचंय ना? आधी पटर आवडला नाही, मग फोन आवडला नाही, आता ऊस. मला कधीकधी वाटतं की कारण वेगळंच आहे. शाळेत आपण एका खोलीत राहणार, एका ताटात जेवणार, ते तुझ्या लोकांना चालत नसेल. तसं असेल तर सरळ लिही, मी काही मरणार नाही.

हे लिहून कागद फाडणार होते, पण अब्बांच्या दुकानात आता दुसरा कोरा कागद नाही. तेव्हा राहू दे. मला भीती वाटते म्हणून वाकडं लिहिते आहे, समजून घे.

सरांनी आपली नावं दिली आहेत. शहाद्याची गायत्री आठवते? दर फेकीनंतर सॉरी म्हणणारी, चांगली लागली तरी सॉरी. तिला जोडीदार नाही. ती रोज मैदानावर येते आणि सर एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघतात. मी तिला पाणीसुद्धा विचारत नाही.

मी एक उपाय काढलाय. आठवडाभर तुझ्या जागी मी येते ऊस तोडायला. तू ये नंदुरबारला, सराव कर. अब्बा हसले, म्हणाले, तू घरात कोथिंबीर निवडत नाहीस. पण मी शिकेन. कळव.

अलमास

---

पडाव,
१२ जानेवारी २०२५

अलमास,

आमच्यात तू न चालणारं कोणी नाही. मागच्या होळीला तू आली होतीस, त्यानंतर आई प्रत्येक बाजारात खात्याला विचारते, ती मिरचीच्या गावची पोर बरी आहे ना. तेव्हा हे मनातून काढ.

आणि तू इथे आठवडाभर ऊस तोडलास तर मी तिथे जोडीचा खेळ कोणाबरोबर खेळू? दोघी मिळून एवढं शिकलो आणि हे तुझ्या लक्षात आलं नाही! मी मोळीवर बसून हसले. वहिनीला सांगितलं, तीही खाटेवर पडल्या पडल्या हसली. तिला हसायचीही परवानगी नाही खरं तर.

चुलतभाऊ आला नाही. तो बायकोला घेऊन दुसऱ्या टोळीत गेला. मुकादमाला मी स्वतः विचारलं. निवडीचा एक दिवस धर, जायचा यायचा वेळ धर, तेवढंच सोड म्हटलं. तो वाईट माणूस नाही, ओरडला नाही. म्हणाला, मागच्या वर्षी एक पोर अशीच परीक्षेला म्हणून गेली ती परत आली नाही, तिच्या बापाचा हंगाम गेला. तू जाणार असशील तर भावालाही घेऊन जा, माझ्याकडे जोड्या थांबल्यात. दादा म्हणाला, तू जा, मी बघतो. दादा बघतो म्हणतो तेव्हा त्याच्याकडे बघण्यासारखं काही नसतं. वहिनीला या दिवसांत त्या रस्त्याने गावी हलवायचं म्हणजे बाळाची आशा सोडायची. तिचं आधीचं एक गेलं आहे, तुला माहीत आहे.

मी खूप विचार केला. रडलेसुद्धा, लपवत नाही. यायचंय का विचारलंस. मला इतकं यायचंय की सकाळी कोयता हातात घेतला की पहिला विचार मैदानाचा येतो.

तू गायत्रीबरोबर खेळ. तिला पाणी विचार.

पटर मगनकडे पाठवते आहे. तो आता वाया जाऊ नये, कारण तुझं बरोबर होतं. असावाच. वाऱ्यात साध्या पटरने मी दहा वेळा मोळी चुकवते आणि याने दोनदा. गायत्रीला हे सगळं नीट सांग, कारण मी ते मोळ्यांवर मारून मारून शिकले आहे.

समोरून वारा असेल तर बास्केटकडे बघायचंच नाही. तिच्या उजवीकडे हातभर अंतरावर काहीतरी धरायचं, दगड, गवत, पंचाची चप्पल, आणि त्याच्यावर मारायचं. बास्केट आपोआप मध्ये येते. हे मनाला पटायला वेळ लागतो. नाक वर जाऊ द्यायचं नाही, तळहात जमिनीकडे ठेवायचा. जोर पूर्ण, अर्धा जोर याला चालत नाही. पाठीमागून वारा असेल तर हा पिशवीतून काढूच नये, बास्केटच्या आधीच पडतो. उजवीकडून वारा असेल तरी नको. वारा याच्या पोटाखाली शिरतो आणि डावीकडे कुठल्या कुठे नेतो. तेव्हा साधा, खालून आणि सरळ.

अजून एक. उसाच्या बुडख्यांवर आपटून याची कड खरचटली आहे, त्यामुळे तो पहिल्याइतका कडक राहिलेला नाही. नवा होता तेव्हा हातभर धरायला लागायचं, आता वीतभर कमी. मला तो आताच खरा हाताला बसला होता. गायत्रीचा हात लहान आहे, तिलाही बसेल.

निशा

---

नंदुरबार,
५ फेब्रुवारी २०२५

निशा,

तुझं नाव सरांनी रविवारी सकाळपर्यंत खोडलं नव्हतं. मी खोडू देत नव्हते. स्टेशनवर सुरतेची गाडी आली तेव्हा मी जाऊनही आले. मला माहीत होतं तू नाहीस, तरी गेले. परत आले तेव्हा गायत्री बूट घालून उभी होती आणि मला सॉरी म्हणाली.

वारा समोरून होता, दिवसभर. दुपारनंतर तर बास्केटच्या साखळ्या आपल्या आपणच वाजत होत्या. इतर मुलींच्या चकत्या पतंगासारख्या उडत होत्या. जळगावची एक जोडी आपल्याहून फार चांगली आहे, पण त्यांच्याकडे सगळे साधेच पटर होते आणि जवळच्या फेकी त्यांनी इतक्या घालवल्या की त्यांचे सर खाली बसले.

मी गायत्रीच्या मागे उभी राहून तू लिहिलेलं सांगत होते. बास्केट बघू नको. दगड बघ. तळहात खाली. ती शहाणी आहे, ऐकते. जवळच्या फेकींत तिने एक सोडून सगळ्या लावल्या. प्रत्येक वेळी साखळी वाजली की मला वाटायचं, ही तुझी फेक आहे. आनंद झाला की राग आला ते मला अजून कळलेलं नाही. अब्बा मोठ्याने टाळ्या वाजवत होते, त्यांचाही मला राग आला.

आम्ही दुसऱ्या आलो. म्हणजे निवड झाली.

शाळेचं अजून काही ठरलेलं नाही. मोतीलालशेठ बाहेरगावी गेलेत, आल्यावर बघू म्हणाले. तू त्याची काळजी करू नकोस. पुढच्या वर्षी पुन्हा निवड असेल तेव्हा आपण दोघी उतरू. तोवर वहिनीचं बाळही मोठं होईल.

वहिनी कशी आहे? तू कशी आहेस? दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

अलमास

---

पडाव,
२७ फेब्रुवारी २०२५

अलमास,

वहिनी बरी आहे. बाळ अजून पोटात आहे आणि लाथा मारतं. होळीला आम्ही सगळे गावी जाऊ, मग ती आईजवळच राहील. डॉक्टर म्हणतो, आता धोका टळला.

मगन तुझं पत्र घेऊन आला तेव्हा त्याने आधी खिशातून कागदात गुंडाळलेला पेढा काढला. म्हणाला, "हाऊ तुन्ही मैत्रीणना नोकरीना पेढा शे. तिन्हा बापनी निवडना दुसराच दिन आख्खी पथारीवर वाटात. ती शहादानी पोर बी संगेच लागनी." त्याने माझ्यासाठी तो तीन दिवस जपून ठेवला होता. चांगला माणूस आहे. मी पेढा खाल्ला, पाणी प्यायले आणि मग तुझं पत्र वाचलं. त्यात मोतीलालशेठ बाहेरगावी गेलेत असं होतं.

तू खोटं का लिहिलंस ते कळतं. मीही त्या थोड्याच दिवसांबद्दल लिहिलं होतं. पण मी ते तेव्हा खरं मानत होते.

मला राग आला आहे. तुझ्यावर नाही म्हणावंसं वाटतं, पण थोडा तुझ्यावरही आहे. तू काही चुकीचं केलं नाहीस, गायत्रीबरोबर खेळ असं मीच लिहिलं, कसं मारायचं तेही मीच लिहिलं. तरी आहे. दुपारी रानात बसते तेव्हा हात रिकामे असतात. साधा पटर पिशवीत आहे, तो काढावासा वाटत नाही.

पुढच्या वर्षीचं लिहिलंस म्हणून सांगते. पुढच्या हंगामात दादाबरोबर वहिनी येईल, बाळाला झोळीत टांगून. मला वाटलं होतं, मग मी सुटले. पण पलीकडच्या टोळीत नवलसिंग म्हणून आहे. त्याची बायको पावसाळ्यात तापाने गेली, तेव्हापासून तो अर्धा कोयता आहे. या वर्षी बहिणीला आणून त्याने कसंबसं भागवलं. मुकादमाने दादाजवळ विषय काढला, मग आईला निरोप गेला. नवलसिंग दारू पीत नाही, मला दोनदा भेटला, दोन्ही वेळा खालीच बघत होता. तो पाचवीपर्यंत शिकलाय. मी इतकी शिकलेली कशी चालेल असं त्यानेच विचारलं. दादा म्हणाला, हात चांगला चालतो तिचा.

होळीला लग्न ठरवायला पाड्याचे पंच बसतील आणि त्याच आठवड्यात लग्न होईल. नंतर लगेच पडावावर परत, उसाचा शेवट राहिलाय.

तू म्हणशील, नाही म्हण, दुसरी नोकरी बघ. दोन वर्षं बघितलीच की, तूही माझ्याबरोबर बघत होतीस. आई पडावावर आली, मला विचारलं, जबरदस्ती केली नाही. ती म्हणाली, तुझ्याकडे दुसरं काही ठरलेलं असेल तर सांग, मी नवलसिंगला नकार कळवते. नाही म्हणायला एक कारण लागतं, अलमास. माझ्याकडे ते होतं, आता ते गायत्रीकडे आहे. म्हणून मी हो म्हटलं.

लग्नाला ये. मोलगीपर्यंत खात्या आणेल, तिथून पुढे दादा घ्यायला येईल. आई तुझ्या नावाने कोंबडी राखते आहे. अब्बांनाही आण, त्यांना आमच्याकडचा ढोल आवडेल.

गायत्रीला मात्र आणू नकोस.

निशा